न्यूमोनियाचा कोड लावताना या चुका टाळा

डिस्चार्ज समरीत नुसतं ‘न्यूमोनिया’ लिहिलंय. थुंकीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू आलाय आणि पेशंटला पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू होतं. जे१५.० (क्लेबसिएला न्यूमोनिया) लावायचा मोह होतो. पण आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतल्या निदानांच्या कोडयादीच्या) नियमांनुसार एवढ्या नोंदीवर जे१८.९ (जंतू न सांगितलेला न्यूमोनिया) हाच लागतो.

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतले इनपेशंट (रुग्णालयात दाखल झालेल्यांचे) चार्ट कोड करणारे बरेच जण इथेच घसरतात. जंतू सापडला एवढंच लॅब सांगते. तो घशात नुसता वस्तीला होता की आजार त्यानेच केला, हे ठरवणं डॉक्टरचं काम. फरक पैशांचाही आहे. न्यूमोनिया मुख्य निदान असेल तर जे१८.९ चा चार्ट डीआरजी (रुग्णालयाला किती पैसे मिळतील ते ठरवणारे गट) १९३-१९५ मध्ये बसतो आणि जे१५.० चा १७७-१७९ मध्ये, जिथे पैसे जास्त मिळतात. विमा कंपनीचा ऑडिटर नेमका तोच चार्ट उघडतो.

मात्र जे१८.९ लावून गप्प बसणं हीसुद्धा चूकच. डॉक्टरला क्वेरी (लेखी प्रश्न) पाठवा. तीत कल्चरची तारीख व निकाल, एक्स-रेतली नोंद, अँटिबायोटिकचं नाव आणि दिवस लिहा आणि विचारा: ‘न्यूमोनियाचं कारण अधिक नेमकं सांगता येईल का?’ पर्यायांत क्लेबसिएला न्यूमोनिया, दुसरा एखादा वैद्यकीयदृष्ट्या शक्य जंतू, ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हे सगळे हवेत. ‘हा क्लेबसिएला न्यूमोनिया आहे ना?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच डॉक्टरच्या तोंडी घातलं. डीआरजी किंवा पैशांचा उल्लेख क्वेरीत कधीही नको.

रेडिओलॉजिस्टने ‘उजव्या खालच्या लोबमध्ये इन्फिल्ट्रेट’ लिहिलं म्हणून न्यूमोनिया कोड होत नाही; उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं निदान लिहायला हवं. उलट डॉक्टरने ‘राइट लोअर लोब न्यूमोनिया’ लिहिलं तरी जे१८.१ लागत नाही. लोब ही फुप्फुसातली जागा झाली. जे१८.१ साठी ‘लोबार न्यूमोनिया’ असंच निदान हवं, आणि जंतू नोंदलेला असेल तर त्या जंतूचा कोड. गिळायला त्रास होणाऱ्या पेशंटच्या चार्टमध्ये जे६९.० (अन्न-पाणी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया) चंही तेच: ‘अ‍ॅस्पिरेशन’ डॉक्टरने लिहिलेलं नसेल तर आपण गृहीत धरायचं नाही.

‘संभाव्य’, ‘बहुधा’ अशा शब्दांत गोंधळ फार. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळच्या नोंदीत ‘संभाव्य ग्रॅम-निगेटिव्ह न्यूमोनिया’ असेल तर तो झाल्यासारखाच कोड होतो: जे१५.६९. (१ ऑक्टोबर २०२३ पासून जुना जे१५.६ चालत नाही; असिनेटोबॅक्टर बाउमानीला जे१५.६१ आहे.) दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत शंका होती आणि पुढे ती कुठेच दिसत नाही, तर सोडून द्या. आउटपेशंटमध्ये शंका कोड होत नाही, तिथे खोकला, ताप अशी लक्षणंच घ्यायची. कोविडला ही सवलत इनपेशंटमध्येही नाही. निदान पक्कं असेल तरच यू०७.१ (कोविड), आणि त्याच्यामागे जे१२.८२ (कोविडचा न्यूमोनिया).

व्हेंटिलेटर आहे, न्यूमोनिया आहे, म्हणून जे९५.८५१ (व्हेंटिलेटरमुळे झालेला न्यूमोनिया)? नाही. दोन्हींचा संबंध डॉक्टरने लिहायला हवा. पेशंट आधीच्या न्यूमोनियाने दाखल झाला आणि नंतर व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया झाला, तर पहिला कोड आधीच्याच न्यूमोनियाचा, जे९५.८५१ जोडीला. पीओएमध्ये (आजार दाखल होतानाच होता का, या नोंदीत) ४८ तासांचा हिशेब लावू नका, ती डॉक्टरांची मोजपट्टी आहे. लक्षणं दाखल होतानाच होती आणि निदान तिसऱ्या दिवशी झालं, तरी उत्तर ‘वाय’ (होता) येऊ शकतं. नोंद अपुरी असेल तर ‘यू’ टाकण्याआधी क्वेरी करा.

क्रमात दोन जागा सांभाळा. दाखल होताना न्यूमोनियामुळे सेप्सिस (संसर्गाला शरीराचा जीवघेणा प्रतिसाद) होता, तर आधी ए४१.९ (किंवा नोंदलेल्या जंतूचा सेप्सिस कोड), मग न्यूमोनिया. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर जे४४.० (सीओपीडीसोबत श्वसनमार्गाचा संसर्ग) आणि न्यूमोनिया दोन्ही लावा; आधी कुठला, ते दाखल होण्याच्या कारणावरून ठरतं. जे४४.१ मात्र ‘एक्झॅसर्बेशन’ (आजार अचानक बळावणं) लिहिलेलं असेल तरच, न्यूमोनिया आहे म्हणून आपोआप नाही.

आणि भारतातल्या एखाद्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० वापरत असाल, तर वरचे लांब कोड तिथे सापडणार नाहीत. सीएममध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) न्यूमोनियाला जे१५.२१२ आहे, त्या आवृत्तीत सगळे स्टॅफिलोकोकस जे१५.२ मध्येच येतात.