रिकामं जोतं म्हणजे ईएफ-५ नव्हे! टॉर्नेडोच्या पाहणीत या चुका टाळा

वादळाच्या दुसऱ्या सकाळी ओक्लाहोमा-आर्कान्सात पाहणीची पथकं निघण्याआधीच मोबाइलवर निकाल लागलेला असतो: "घरच नाहीसं झालंय, ईएफ-५!" पथकातली नवी मंडळीही तोच आकडा मनात धरून गाडीतून उतरतात. माझी तिडीक तिथूनच सुरू होते.

ईएफ म्हणजे एन्हान्स्ड फुजिता, टॉर्नेडोच्या जोराची ० ते ५ अशी श्रेणी. तिच्यात वारा थेट मोजत नाहीत, मोडतोड बघून त्याचा अंदाज बांधतात. अमेरिकेत २००७ पासून त्यासाठी घर, शाळा, झाड अशा २८ प्रकारांची यादी वापरतात. नेहमीच्या पक्क्या बांधणीचं घर जोत्यावरून साफ गेलं, तर अंदाज ताशी २०० मैलांचा. ईएफ-५ त्याच्याही वर सुरू होतं! बांधणी कच्ची असेल तर तेच दृश्य १६५ वर, म्हणजे ईएफ-३ मध्ये येऊन बसतं.

एकदा पुण्याहून शिकायला आलेला एक मुलगा सोबत होता. रिकामं जोतं दिसताच लांबूनच ओरडला, "दादा, ईएफ-५!" म्हटलं, "अरे, आधी गुडघे टेक." काँक्रीटमधून अँकर बोल्ट, म्हणजे घर जोत्याला जखडणारे बोल्ट, सरळ वर आलेले, आटे शाबूत, पण एकावरही ना नट ना वॉशर. बाकी ठिकाणी भिंतीखालची फळी नुसती खिळ्यांनी ठोकलेली. चार पावलांवर पानांसकट झुडूप उभं, पत्रपेटीचा खांबही जागेवर. घर आख्खं सरकलं होतं आणि पुढे जाऊन फुटलं होतं. ईएफ-३ च्या पुढे जायला काही आधारच नव्हता. पोरगं दिवसभर फुगून बसलं.

हे नवशिक्यांपुरतंच नाही. २००२ साली मेरीलँडमधल्या ला प्लाटाला आधी एफ-५ (ईएफच्या आधीची जुनी फुजिता श्रेणी) जाहीर झालं होतं. घरं जोत्याला कशी बांधली होती ते तपासल्यावर एफ-४ झालं. म्हणून मी आधी घराभोवती फिरतो, झुडपं, कुंपण, शेजारची घरं बघतो, मग बोल्ट. घराचा फोटो सगळ्यात शेवटी.

गॅरेजचं दार आधी आत गेलं का, ते विचारा. वारा आत शिरला की छप्पर कमी वेगातही उचललं जातं.

सगळी झाडं एकाच दिशेला आडवी असतील तर सरळ वाऱ्याचाही, म्हणजे टॉर्नेडोसारखा न फिरता एकाच दिशेने वाहणाऱ्या वादळी वाऱ्याचा, विचार करा. टॉर्नेडोत ती बहुधा पट्ट्याच्या मध्याकडे वळलेली दिसतात. होकायंत्र लावा आणि दिशा कागदावर लिहा. "नंतर आठवेल" म्हणणाऱ्याला काहीही आठवत नाही.

रडारचा आकडा श्रेणीत घुसडू नका. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी २९० मैलांहून जास्त वारा टिपला, टॉर्नेडो २.६ मैल रुंद होता, तरी अधिकृत नोंद ईएफ-३ ची. बहुतेक वाट मोकळ्या शेतांतून गेलेली, मोडायला होतं काय?

ड्रोनवाल्यांना हात जोडून विनंती: वाट आखायला ड्रोन झकास, पण वरून नट दिसत नाही. तासाभरात नकाशा रंगवून हॉटेलवर परतणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि उशीर करू नका. बुलडोझर आणि करवती लगेच पोचतात. भिंत वाऱ्याने पडली की सफाईवाल्यांनी पाडली, हे घरमालकाला विचारल्याशिवाय कळत नाही. पण आधी त्यांची विचारपूस करा, टेप नंतर काढा.