उद्याचं काही दिसत नसताना देवावर भरवसा कसा ठेवायचा

दोन वर्षांमागं आमच्या घरात एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. ह्यांच्या बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यात ऑर्डर कमी झाली म्हणून आठवड्याला तीनच दिवस काम राहिलं, आणि आईच्या मानेवरची गाठ डॉक्टरांनी तपासायला पाठवली. रिपोर्ट आठ दिवसात येतंय म्हणाले, लागले चौदा. लहानपणापासून चर्चला जाते, संडे स्कूलला वचनं पाठ केलीत, खरं भरवसा ठेव म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं हे मला माहीतच नव्हतं. त्या चौदा दिवसांत जे हाताला लागलं ते लिहिते, कुणीतरी आत्ता दवाखान्यातल्या त्याच बाकावर फाईल धरून बसलेलं असेल.

सगळ्यात आधी देवाला खरं सांगा. आपण प्रार्थनेला बसलो की एकदम पुलपिटावरची मराठी सुरू करतो, हे कृपाळू पित्या वगैरे, आणि पोटात गोळा आलेला असतो त्याबद्दल एक शब्द नाही. बायबलातलं स्तोत्र १३ काढून बघा, पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आनंदीआनंद काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. प्रभू येशूनं सुद्धा मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत एकच प्रार्थना तीनदा केली. मी भांडी घासताना नळ सोडून मोठ्यानं म्हणायची, देवा मला भीती वाटायलीय, आई गेली तर मी काय करू. भीती गेली नाही लगेच. खरं त्या दिवसापासून मी भीतीत एकटी नव्हते.

मग कागद घ्या. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मध्ये रेघ मारली, एका बाजूला आज माझ्या हातात आहे ते आणि दुसऱ्या बाजूला नाही ते. हातात होतं: लॅबला फोन करणं, पोरीच्या शाळेत जाऊन फी दोन हप्त्यात घ्याल काय विचारणं, डब्यातलं तांदूळ किती दिवस पुरतंय बघणं. हातात नव्हतं: रिपोर्ट, आणि कारखान्याची ऑर्डर. दुसऱ्या बाजूचं रोज रात्री वाचून देवाला द्यायचं, पहिल्या बाजूचं सकाळी उठून करायचं. निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे इस्राएल लोकांना रानात देवानं दिलेलं अन्न, असाच होता, माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), त्या दिवसापुरता, सकाळपर्यंत साठवला त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. मी रात्री अकराला पुढच्या वर्षाची काळजी करत बसायची ना, तेव्हा ते साठवलेल्या मान्नासारखंच व्हायचं.

एक गोष्ट जरा स्पष्ट सांगते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ सगळ्यांच्या स्टेटसला असतं, देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत म्हणून, आणि ते खरंच आहे. खरं त्याच्या वरचं १० वं वचन कुणी टाकत नाही, त्यात ७० वर्षं थांबायचं लिहिलंय! ते पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना आहे, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा म्हणून. पुढं ३२ व्या अध्यायात तर बाबेलच्या फौजेनं यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि तिथं बसून तो अनाथोथचं शेत १७ शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी तोलून विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. शेत शत्रूच्या ताब्यात जाणार हे त्याला ठाऊक होतं, तरी घेतलं.

असं का करायचं हे मला कळलं ते बाबांमुळं. माझं माहेर खानापूर तालुक्यात, आमच्याकडं भाताची धूळवाफ पेरणी करतात, रोहिणी लागली की पावसाआधीच कोरड्या मातीत कुरीनं, म्हणजे पेरायच्या अवजारानं. बाबांच्या पिंडऱ्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही. मी एकदा विचारलेलं, बाबा पाऊस नाही आला तर? बाबा म्हणाले, "मग परत पेरू की. आधी पेरलंच न्हाई तर पाऊस येऊन काय उपयोग गं?" बियाणं वाया जाणार नाही अशी खात्री त्यांना कुणी दिली नव्हती. म्हणून भरवसा म्हणजे रिपोर्ट चांगलाच येणार अशी मनाची समजूत घालणं असं मी मानत नाही, रिपोर्ट कसाही आला तरी देव सोडणार नाही एवढं धरून आजची पेरणी करायची. आपल्या बेळगावात १८३१ ला जन्मलेल्या मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी १८५४ ला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुढं घरच्यांचं नि जातीचं काय होणार हे सगळं स्पष्ट होईपर्यंत ते थांबले असते तर पाऊल पडलंच नसतं.

माणसांना सांगा. नुसतं "प्रार्थना करा" नको, काय झालंय ते सांगा. चर्चचे पाळकसाहेब घरभेटीला आले तेव्हा मी पैशाचं सुद्धा बोलले, लाज वाटली, तरी बोलले. महिला मंडळातल्या एक मावशी आंबोळ्या घेऊन आल्या, आईजवळ तासभर बसल्या, एक उपदेश केला नाही, आणि जाताना डबा घासून घेऊन गेल्या. असं माणूस मिळालं तर धरून ठेवा. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटत नाही, गोळ्या सोडा, असं सांगणाऱ्यापासून मात्र लांब राहा, तो कितीही मोठ्यानं प्रार्थना करू दे. प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या दुखण्यासाठी, देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, त्याचा विश्वास काय कमी होता? आणि दोन-तीन आठवडे झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखवा, त्यात अविश्वास काही नाही.

आजीच्या बायबलात कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं आहे, एका ठिकाणी "१९७२, विहीर आटली", आणि खाली वेगळ्या पेन्सिलीनं "पाणी लागलं". बायबलातल्या शमुवेलानं एबन-एजर, म्हणजे मदतीचा दगड, म्हणून धोंडा उभा केला तसंच ते. मी पण आता तारखा लिहिते. वाईट दिवसाची पण लिहा, नंतर खालची ओळ लिहायला जागा सोडून.

आईची गाठ टीबीची निघाली. सहा महिने सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या, वजन उतरलं, कावली, आता बरी आहे. ह्यांचं काम अजून आठवड्याला चारच दिवस आहे, त्या तारखेखालची जागा तशीच मोकळी आहे.

आज काहीच सुचत नसेल तर एवढं तरी करा. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे, झोपायच्या आधी मोठ्यानं वाचा, शेवटची दोन वचनं तोंडातून निघाली नाहीत तर चौथ्यावर थांबा, आणि उद्या परत पहिल्यापासून वाचा.