जुनं घर उघडण्याआधी: पेठेतल्या घराच्या दुरुस्तीची तयारी

तयारीला सुरुवात दिवाळीनंतर नव्हे, श्रावणात करा. प्रत्यक्ष काम दिवाळीनंतरच लागणार आहे, पण जुन्या घराचं दुखणं पावसातच दिसतं. ऑक्टोबरच्या उन्हात कौलांतून आलेला ओघळ वाळतो, भिंतीवरची ओल फिकी पडते आणि गवंडी बघायला येतो तेव्हा सगळं ठणठणीत वाटतं. म्हणून झड लागलेली असताना एक वही, बॅटरी आणि खडू घेऊन घरभर फिरा. कुठे ठिबकतंय, कुठल्या भिंतीला किती हात ओल चढली आहे, माडीवर कुठल्या फळीवर पाय ठेवला की ती दबते, हे सगळं खोलीवार लिहा आणि फोटो काढा. अंदाजपत्रक मागायच्या आधी ही वही तयार हवी.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, पुढचा सोपा, मधला सोपा, वर माडी, मागे परडं, आणि माथ्यावर मंगलोरी कौलं. गेल्या वर्षी आम्ही ते दुरुस्त केलं. साडेचार महिन्यांचा अंदाज होता, आठ लागले. त्यातला दीड महिना निव्वळ माल येण्याची वाट बघण्यात गेला. उरलेला उशीर झाला तो भिंत उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टींमुळे. ज्यांचं घर असंच आहे आणि ज्यांना ते पाडून सिमेंटचं उभं करायचं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पाऊस ओसरला की कुठलाही माल सांगण्याआधी घर थोडं थोडं उघडून बघा. सगळं नको, चार-पाच जागा पुरेत: तुळई भिंतीत शिरते ती टोकं, न्हाणीची भिंत, नळाचा पाईप गेलेली भिंत, पन्हळीखालचे वासे आणि जोत्यालगतची एखादी फरशी. या पाहणीला सुतार आणि गवंडी दोघांनाही एकाच दिवशी बोलवा आणि त्यांची दिवसभराची हजेरी द्या. फुकटात बघायला आलेला माणूस दहा मिनिटांत आकडा सांगून जातो, आणि तो आकडा पुढे आपल्यालाच महाग पडतो.

आमच्याकडे सुताराने मधल्या सोप्यातली तुळई बोटाच्या पेराने ठोकत नेली. मधे खणखणीत आवाज, भिंतीजवळ येईल तसा बद्द होत गेला. मग त्याने पेचकस घेतला. मधोमध त्याचं टोकसुद्धा रुतेना. भिंतीपासून वीतभर अलीकडे मात्र तो मुठीपर्यंत आत गेला, आणि ओढून काढल्यावर भोकातून ओलसर तांबूस भुसा गळत राहिला. "ताई, वरनं रंग हाय म्हणून तुळई दिसतीया. आत वाळवीनं काय ठेवलं न्हाई," तो म्हणाला. त्या तुळईवर माडीचा निम्मा भार होता, आणि वर आईची खोली.

अशा वेळी घाबरून अख्खी तुळई बदलायला घेऊ नका. जुन्या सागवानाचा मधला भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. कुजतं ते भिंतीत गाडलेलं टोक, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. आम्ही आधी लोखंडी जॅक भाड्याने आणून माडी तोलून धरली, कुजलेलं टोक कापलं, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले आणि नवं टोक दगडी बैठकीवर टेकवलं. हा निर्णय मात्र सुताराचा एकट्याचा नव्हता. भार वाहणारी तुळई, खांब किंवा भिंत हलवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून दाखवाच. त्याची फी म्हणजे वायफळ खर्च, असं आमच्याही घरात आधी बोललं गेलं होतं. तुळई उघडल्यावर ते बोलणं थांबलं.

या पाहणीनंतर जो आकडा निघेल त्याच्या पाव हिस्सा रक्कम वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. आम्हाला पाव पुरला नाही, तिसरा हिस्सा लागला. ठरावाबद्दल माझं मत असं: उघडण्याचं, काढण्याचं आणि लाकडाचं काम हजेरीवर, म्हणजे रोजंदारीने, द्यावं, कारण आत काय निघेल ते कुणीच आधी सांगू शकत नाही आणि ठरलेल्या रकमेत काम अंगावर घेतलेला माणूस मग झाकपाक करतो. फरशी, गिलावा, रंग चौरस फुटावर द्यावा. पैसे टप्प्याने, झालेल्या कामाचे द्यावेत, आणि शेवटचा हप्ता पाऊस पडेपर्यंत हातात ठेवावा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण लवकर उरका. सिटी सर्व्हेचा मालमत्ता पत्रकाचा ताजा उतारा, घरफाळ्याची पावती, आणि काय बदलणार आहात त्याचा साधा नकाशा घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. नदीकडच्या पेठांतल्या लोकांनी आपलं घर कुठल्या पूररेषेत येतं ते आधी बघावं. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सामाईक भिंत असेल तर शेजारच्या काका-काकींना घरी जाऊन सांगा आणि त्यांच्या बाजूच्या आधीपासूनच्या भेगांचे फोटो त्यांच्यासमोर काढा. नंतर एखादी भेग दिसली तर ती जुनी की नवी यावर संबंध बिघडत नाहीत.

आता माल. कुठला माल कुठून येतो हे माहीत असेल तर उशीर कुठे होणार तेही कळतं. टाईल्स बहुतेक मोरबीहून, गुजरातमधून येतात. शहाबादी फरशी कलबुर्गीकडून, कडप्पा आंध्रातून, जांभा घाटाकडून. हे सगळं ट्रकने यायचं, आणि कोल्हापूरला येणारा रस्ता पावसाळ्यात किती बेभरवशाचा असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. 2019 आणि 2021 साली शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहराची मोठी वाहतूकच थांबली होती. जून ते सप्टेंबरमध्ये लांबून येणाऱ्या मालावर एकही काम अवलंबून ठेवू नका.

एका दुकानदाराने आम्हाला न्हाणीच्या टाईल्स "बारा दिवसांत" सांगितल्या होत्या. सात आठवड्यांनी आल्या, त्याही निम्म्या, आणि उरलेल्या वेगळ्या लॉटच्या. शेजारी लावल्या की रंगातला फरक लांबूनही दिसत होता. त्यातून शिकलेलं सांगते. माल घरात येऊन पडल्याशिवाय जुनी फरशी उखडू नका. खोक्यावरचा लॉट नंबर आणि शेड (रंगछटेचा) नंबर प्रत्येक खोक्याचा तपासा. एकाच लॉटच्या दहा टक्के टाईल्स जास्त घ्या आणि त्यातल्या पाच-सहा कायमच्या माळ्यावर ठेवा. आणि आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नका.

कौलांची गोष्ट याहून नाजूक. शंभर चौरस फुटांना फुटतूट धरून साधारण दीडशे कौलं लागतात, आणि जुन्या घरावरची चांगली कौलं उतरवून, घासून, पुन्हा चढवता येतात. कमी पडतात ती तीन-चारशे, आणि तीच मिळत नाहीत. मंगळूरला बेसल मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला; पुढे कितीतरी कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा निराळा. लांबून सगळी सारखीच दिसतात. आम्ही पाडलेल्या एका वाड्याची कौलं बघायला गेलो तेव्हा आमचं एक कौल पिशवीत घालून नेलं होतं. त्यांचं कौल शेजारी ठेवून खाच खाचेत बसवली, तर जवळजवळ अर्ध्या बोटाची फट राहिली. तेवढ्या फटीतून पावसाळाभर पाणी आत आलं असतं. म्हणून आपलं कौल बरोबर नेल्याशिवाय सौदा करू नका, पाठीवरचा शिक्का जुळतो का बघा, आणि दोन-दोन कौलं वर-खाली जमिनीवर मांडून बघा. आम्हाला अखेर जुळणारी मिळालीच नाहीत. मग शाबूत जुनी सगळी कौलं रस्त्याकडच्या उतारावर घेतली आणि परड्याकडचा उतार पूर्ण नव्या कौलांचा केला. एका उतारावर दोन साचे मिसळायचे नाहीत, एवढं पक्कं धरा.

एका बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहोत. जुन्या दाराची बिजागरी, कडी-कोयंडा, पितळी मूठ, खिडकीचा गज, असं काही तुटलं आणि बाजारात नाही मिळालं तर लक्ष्मीपुरीत दुकानं हिंडून वेळ घालवू नका. नमुना घेऊन उद्यमनगरात जा. लेथवाले तशीच वस्तू करून देतात. आमच्या मोठ्या दाराच्या दोन बिजागऱ्या तिथेच झाल्या आणि ते दार आज एका बोटाने ढकललं तरी लागतं.

दिनदर्शिकेवर कामाच्या तारखांआधी सुट्ट्यांच्या तारखा लिहा. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला जुंपलेल्या असतात, त्यामुळे खरमाती उचलायला गाडी आधी सांगून ठेवावी लागते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, त्याच्या आगेमागे गावोगावच्या जत्रा आणि लग्नसराई. गवंडी चार दिवस म्हणून जातो आणि आठवडा होतो. त्यात त्याची चूक नाही, आपण तो आठवडा धरलेला नसतो. परराज्यातले फरशीवाले होळीला गावी जातात. हे सगळं वजा करून छप्पर एप्रिल संपायच्या आत झाकलं गेलं पाहिजे, कारण मेमधला वळीव वाऱ्यासकट येतो. आतली कामं मागे पडली तरी चालतील, छप्पर नाही.

गल्लीत डंपर येत नसेल तर माल चौकात उतरवून डोक्यावरून आणण्याची मजुरी वेगळी धरा. वाळू किंवा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. उतरवताना समोर उभं राहा. सिमेंट एकदम भरून ठेवू नका. तीन महिने पडून राहिलं तर त्याची साधारण पाचव्या हिश्श्याची ताकद जाते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, दहापेक्षा जास्त थर न लावता रचावीत.

भिंतींबद्दल मात्र मी हट्टाने सांगते: मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि अंगावाटे सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ती ओल आतच राहते. आमच्या न्हाणीलगतच्या भिंतीला पूर्वी कधीतरी असा गिलावा झाला होता. तो वरून गुळगुळीत, पण हातोडी मारल्यावर पत्र्यासारखा एकदम सुटून आला आणि मागची माती भिजवलेल्या कणकेसारखी हाताला लागली. ती तीन हात भिंत नव्याने घालावी लागली. चुन्याचा गिलावा करा. चुना आधी भिजवून पंधरा दिवस तरी मुरवावा लागतो, म्हणून तो यादीत वर घ्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायलाही वेळ लागतो. आम्हाला पन्हाळ्याकडच्या एका गावात सापडला.

वीज आणि पाणी गिलाव्याआधी. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग पूर्ण काढा, अर्धी ठेवून जोड देऊ नका. दिव्यांना 1.5, प्लगला 2.5 आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटरची वायर, नवं अर्थिंग, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. गंजलेले लोखंडी पाईप भिंतीत तसेच ठेवू नका. पुराचं पाणी येणाऱ्या भागात बोर्ड आणि प्लग जुन्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे; 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा आमच्या पायरीवर उठलेली गाळाची रेघ आम्ही पुसू दिली नाही, मिस्त्रीला तीच माप म्हणून दाखवली. आणि पाण्याची टाकी जुन्या तुळयांवर चढवू नका. 1000 लिटर म्हणजे नुसतं पाणीच 1 टन.

घरात राहूनच काम करणार असाल तर एक खोली आणि एक मोरी शेवटपर्यंत न उखडता ठेवा. वर्षाची चटणी आणि धान्य मार्च-एप्रिलमध्ये येतं आणि नेमकी तेव्हाच घरभर धूळ असते. आमची चटणी त्या वर्षी मावशीकडे झाली आणि तिच्याकडेच डब्यांत राहिली, लागेल तशी आणली. म्हाताऱ्या माणसांना आधीच विचारा की त्यांची कुठली वस्तू डोळ्यांसमोर हवी. आईने देव आणि वडिलांची खुर्ची मागितली, ती दोन्ही आम्ही कामभर तिच्या खोलीत ठेवली.

कौलं चढली की पहिल्या वळवाची वाट बघा. पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा तीच वही, बॅटरी आणि खडू घेऊन माडीवर जा, दिवे बंद करा आणि कौलांखाली उजेड फिरवत चाला. थेंब पडेल तिथे फळीवर खडूने फुली मारा, वर कुठल्या वाशापाशी तो येतो ते वहीत लिहा. आमच्या पाच फुल्या निघाल्या, तीन पन्हळीजवळ आणि दोन जुन्या धुराड्याभोवती. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला वर नेऊन त्या दाखवल्या, त्याने दुपारपर्यंत कौलं सरकवून नीट केली, आणि संध्याकाळी त्याचा शेवटचा हप्ता दिला.