बाइंड केलेल्या प्रॉपर्टीवर खोटी एरर येते? आधी बाइंडिंग तपासा

विंडोज वर्कफ्लो फाउंडेशनच्या (डब्ल्यूएफ, म्हणजे कामाचे टप्पे जोडून प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट; इथे डॉटनेट ३.० आणि ३.५ वालं) जुन्या प्रोजेक्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी. कस्टम अ‍ॅक्टिव्हिटीला (आपण बनवलेल्या टप्प्याला) व्हॅलिडेटर, म्हणजे तिच्या प्रॉपर्टी तपासणारा क्लास, लावला, समजा 'टू' नावाची प्रॉपर्टी रिकामी असेल तर एरर द्या असं लिहिलं, आणि मग डिझायनरमध्ये ती प्रॉपर्टी व्यवस्थित बाइंड केली (व्हॅल्यू दुसरीकडून घ्यायला जोडली) तरी लाल उद्गारचिन्ह काही जात नाही. माझी अख्खी दुपार यात गेली. कारण एवढंच की खरी व्हॅल्यू रनटाइमला येते, डिझाइन करताना हातात काहीच नसतं.

असं करा:

१. प्रॉपर्टी डिपेंडन्सी प्रॉपर्टी म्हणूनच लिहा, साध्या प्रॉपर्टीवर बाइंडिंग करताच येत नाही.

२. अ‍ॅक्टिव्हिटीव्हॅलिडेटरवरून आपला क्लास डिराइव्ह करून व्हॅलिडेट मेथड ओव्हरराइड करा, बेसने दिलेल्या एरर टाकून देऊ नका, त्याच कलेक्शनमध्ये आपली भर घाला.

३. पॅरेंट नल असेल (अ‍ॅक्टिव्हिटी अजून कुठल्या वर्कफ्लोत ठेवलेली नसेल) तर तिथूनच परत फिरा, नाहीतर अ‍ॅक्टिव्हिटीची लायब्ररी बिल्ड करतानाच ती स्वतःच्याच नावाने बोंबलते (हे हमखास विसरतं).

४. आता मुख्य गोष्ट, आधी इजबाइंडिंगसेट मेथडला बाइंडिंग आहे का ते विचारा, बाइंडिंग नसेल आणि व्हॅल्यूही रिकामी असेल तरच एरर द्या.

५. अ‍ॅक्टिव्हिटीच्या क्लासवर अ‍ॅक्टिव्हिटीव्हॅलिडेटर अ‍ॅट्रिब्यूट लावा.

फक्त बाइंडिंग आहे म्हणजे व्हॅल्यू येईलच असं नाही, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटीच्या एक्झिक्यूट मेथडमध्ये नल चेक ठेवाच. डब्ल्यूएफ ४ वर असाल तर इनआर्ग्युमेंटवर रिक्वायर्डआर्ग्युमेंट अ‍ॅट्रिब्यूट टाकलं की एवढा खटाटोप लागत नाही.