जैत कल्याण: भूपात न घसरता

जैत कल्याण रागाचे स्वर सा रे ग प ध, सगळे शुद्ध. म आणि नी वर्ज्य. हेच पाच स्वर भूप आणि देशकार या रागांचेही, म्हणून नुसता आरोह-अवरोह घोकून जैत कल्याण हाती लागत नाही. इथे वादी (मुख्य स्वर) पंचम (प), संवादी (त्याखालोखालचा) षड्ज (सा), रिषभ (रे) आणि धैवत (ध) दुबळे. वेळ रात्रीचा पहिला प्रहर. (नुसता ‘जैत’ हा निराळा राग, त्यात रिषभ कोमल.)

तानपुऱ्याची पहिली तार पंचमात चोख लावा. तीच कणसूर (जराशी बेसूर) असली तर पुढची सगळी मेहनत वाया.

सुरुवात ‘सा ग प’ने करा, रिषभ ओलांडून. पंचमावर सावकाश आठ मात्रा थांबा. मग ‘प ध ग प’. या रागाचा जीव याच संगतीत आहे. धैवताला नुसता स्पर्श करून गंधारावर उतरायचं आणि लगेच पंचमावर परतायचं. धैवतावर मुक्काम केलात की देशकार डोकावतो, गंधारावर रेंगाळलात की भूप. ही एकच संगती आठवडाभर घोटली तरी वेळ फुकट जात नाही.

वर जाताना ‘प सां’ (सां म्हणजे वरचा षड्ज), येताना ‘सां प’, दोन्हीकडे धैवत वगळून. षड्जावर येताना ‘ग रे सा’ चालतं, पण रिषभ निसटता हवा. मंद्रात (खालच्या सप्तकात) ‘सा प़ सा’ अशी उडी घ्या. ‘सा ध़ सा रे ग’ गायलात की भूप उभाच राहिला.

खरी पंचाईत तानेत होते. लय वाढली की गळा सवयीने ‘सा रे ग प ध सां’ असा सरळ धावतो. तान वक्रच बांधावी लागते. त्रितालाच्या एका आवर्तनात (16 मात्रा), मात्रेला एक स्वर, ऽ म्हणजे आधीचाच स्वर लांबवायचा:

सा ग प ध । ग प सां ऽ । सां प ध ग । प ग रे सा

आधी मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत. ‘ध ग’ची उडी स्वच्छ पडेपर्यंत दुगुणीच्या (दुप्पट लयीच्या) वाटेला जाऊ नका, घाईत मधला पंचम आपसूक घुसतो आणि वळण सपाट होतं.

हा जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत आवडीने गायला जाणारा राग. याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना कागद घ्या आणि प्रत्येक न्यास (मुक्काम) कोणत्या स्वरावर पडतो तेवढंच टिपा. तानांकडे नंतर वळा.