लॅपटॉपची स्क्रीन बाजूने बघितली की रंग उडतात? आधी हे करून बघा

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरी गेल्या वर्षीच्या घुमट आरतीचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला, पोरं खाली जमिनीवर बसलेली, त्यांना सगळं काळं दिसतंय, घुमट वाजवणाऱ्या काकांचा चेहरा तर फोटोच्या निगेटिव्हसारखा, आणि मागे उभा असलेला भाऊ म्हणतो ब्राइटनेस कमी कर रे, सगळं पांढरं पडलंय. दोघांचंही बरोबरच होतं, आणि ब्राइटनेसचा काही संबंध नव्हता.

स्वस्त आणि जुन्या लॅपटॉपात बहुतेकदा टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक) जातीचं पॅनल, म्हणजे स्क्रीनची काच, असतं, त्यातल्या लिक्विड क्रिस्टलच्या पिळातून तिरका प्रकाश वेगळाच बाहेर पडतो, आणि बाजूपेक्षा वर-खाली जास्त घोळ होतो. अशा पॅनलच्या माहितीपत्रकात बघण्याचा कोन म्हणून डावी-उजवी 45-45 अंश, उभ्या दिशेत कधी कधी एका बाजूला जेमतेम 20 असे आकडे असतात. ते पण कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) 10:1 वर येईपर्यंतचे, म्हणजे रंग त्याच्या कितीतरी आधीच गेलेले असतात. आयपीएस या चांगल्या जातीच्या पॅनलला आडव्या आणि उभ्या दिशेत एकूण 178 अंशांपर्यंत लिहितात.

ओळखायचं कसं? चेहऱ्याचा फोटो फुल स्क्रीन करा आणि झाकण हळूहळू मागे ढकला. खालून बघताना रंग उलटे झाले तर टीएन समजा. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या विंडोजच्या फुकट प्रोग्रॅममध्ये मॉनिटरखाली बहुतेक वेळा पॅनलचा नंबरही मिळतो, एनटी156एफएचएम (NT156FHM) असेल तर टीएन, एनव्ही156एफएचएम (NV156FHM) असेल तर आयपीएससारखं. एका अक्षराचा फरक, पण दिसायला जमीन-अस्मान.

एकट्याने वापरत असाल तर झाकण असं ठेवा की नजर स्क्रीनवर सरळ पडेल, मग विंडोजच्या रन बॉक्समध्ये (विंडोज की + R) डीसीसीडब्ल्यू (dccw) टाकून गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजेड, लावा, फक्त तो त्याच बसण्याच्या जागेपुरता बरोबर राहतो. आणि हो, काही ऑफिसच्या लॅपटॉपांत प्रायव्हसी स्क्रीन असते, ती चुकून चालू असली तरी बाजूने काही दिसत नाही, पॅनलला शिव्या घालण्याआधी ती बंद करून बघा. चार जण बघणार असाल तर लॅपटॉप टेबलावर ठेवून सगळ्यांना खुर्च्या द्या, डोळे एका उंचीवर आले की निम्मं काम झालं. नाहीतर सरळ एचडीएमआयने टीव्हीला जोडा, आम्ही शेवटी तेच केलं.

पॅनल बदलताही येतं. मी बदललं, पण पहिल्यांदा दुकानदाराने साइज बरोबर आहे म्हणून जे दिलं त्याचा कनेक्टर 40 पिनचा निघाला आणि माझी केबल 30 ची! म्हणून आधी जुनं पॅनल सोडवून मागचा स्टिकर वाचा, नंबर, पिना, स्क्रू लावायचे पत्र्याचे कान आहेत की नाहीत सगळ्याचा फोटो काढा आणि तो दाखवूनच घ्या. उघडण्याआधी चार्जर काढा, आत बॅटरीची केबलही सोडवा. नवीन बसवलं की बाजूची फ्रेम दाबून बसवण्याआधी एकदा चालू करून बघा, आणि दुकानातच असाल तर तिथेच खाली वाकून बघा.