गरिबीच्या आकड्यांवर वाद घालताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं इकॉनॉमी घोकत असतात आणि खाली चहाच्या गाड्यावर गरिबीवरनं तावातावानं वाद चाललेले असतात, पण दोन्हीकडं चुका त्याच. सगळ्यात जास्त दिसणारी आधी घेतो.

वर्ल्ड बँकेनं जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा २.१५ डॉलरवरनं ३ डॉलर केली, माणशी, दिवसाला. लगेच कुणीतरी मोबाईल काढून गुणाकार करतं, तीन गुणिले पंच्याऐंशी म्हणजे २५५ रुपये, पाच माणसांच्या घराला महिन्याला ३८ हजार, म्हणजे निम्मं गाव अतिगरीबच की! तसं नसतंय ते. हा बँकेत बदलून मिळणारा डॉलर नाहीच, हा पीपीपी डॉलर, म्हणजे खरेदीच्या ताकदीवर मोजलेला. अमेरिकेत एका डॉलरला जेवढं सामान येतं तेवढंच इथं घ्यायला साधारण २०-२१ रुपये पुरतात, कारण आपल्याकडं कटिंग, भाजी, खोलीभाडं, मजुरी सगळंच तिथल्यापेक्षा स्वस्त. त्यामुळं ३ डॉलर म्हणजे २०२१ च्या किमतीनं ६०-६२ रुपये, पाच जणांच्या घराला महिना नऊ-साडेनऊ हजार.

आता याच्या उलट चूक पण करू नका. "६२ रुपये? एवढं तर कुणीपण कमावतंय" असं लोक सहज बोलून जातात, पण ६२ ही मजुरी नव्हे, घरातल्या प्रत्येक माणसामागचा खर्च आहे, त्यात म्हातारी आजी पण आली आणि पाळण्यातलं बाळ पण. घरचा तांदूळ, घरचं दूध खाल्लं तर त्याचीपण किंमत धरतात. कमावणारा एकटा, मजुरी ३०० रुपये, महिन्याला काम २० दिवस, खाणारी तोंडं पाच. हिशेब करा, माणशी दिवसाला ४० रुपये येतात! रोज राबणारं घर रेषेच्या खाली. म्हणून "गरीब म्हणजे आळशी" हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही.

रेषा बदलली की जुन्या रेषेचा आकडा नव्या रेषेच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. २.१५ च्या रेषेनं भारतात २०११-१२ ला १६.२ टक्के अतिगरीब होते, २०२२-२३ ला २.३. तीन डॉलरच्या रेषेनं तेच २७.१ वरनं ५.३ वर आले. काहीजण १६.२ घेतात आणि ५.३ ला वजा करतात, काहीजण २.३ आणि ५.३ बघून गरिबी वाढली म्हणून बोंब मारतात, दोन्ही चूक.

सरासरीनं तर लय फसायला होतं. दहा घरं घ्या, नऊ घरांचं उत्पन्न महिना १० हजार, एकाचं २ लाख, सरासरी येते २९ हजार आणि २९ हजार मिळवणारं घर तिथं एकपण नाही. अशा वेळी मधल्या घराकडं बघायचं, म्हणजे मीडियन. कोल्हापूर म्हणजे साखर कारखाने, दूध संघ, फौंड्री, जिल्हा सधन म्हणून नाव आहे आणि ते खरंच आहे, पण गगनबावडा-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरचं चित्र त्या सरासरीत दिसणार नाही.

आणि सिझनला बीडकडनं येणारे ऊसतोड मजूर? त्यांच्याबद्दल एक वाक्य नेहमी ऐकतो, "अहो त्यांना लाखात उचल मिळते, कसले गरीब!" उचल हे उत्पन्न नाहीच. ते मुकादमाकडनं घेतलेलं कर्ज असतं आणि ते नवराबायकोनं मिळून (या जोडीलाच एक कोयता म्हणतात) ऊस तोडून फेडायचं असतं. पाऊस आला, बाई आजारी पडली, कारखाना लवकर बंद झाला की बाकी पुढच्या सिझनच्या डोक्यावर. सहा महिने खोपटात, पाण्याची-संडासाची सोय धड नाही, पोरांची शाळा तुटलेली. नुसतं पैशात मोजलं तर यातलं निम्मं दिसतच नाही, म्हणून तर बहुआयामी गरिबीचा निर्देशांक काढलाय. नीती आयोग त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन भाग करून १२ गोष्टी बघतो. त्या मोजणीनं देशात २०१५-१६ ला २४.८५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ ला १४.९६. हे टक्के वेगळे आणि डॉलरच्या रेषेचे टक्के वेगळे, परीक्षेत पण यात मिसळ करून मार्क घालवतात पोरं.

शेवटचं म्हणजे गरिबांचा टक्का तोच राहिला की माणसंपण तीच राहिली असं धरू नका. २०१९ च्या महापुरात शिरोळ-करवीर भागात कितीतरी घरांचं होत्याचं नव्हतं झालं. म्हैस गेली की दुधाचं बिल थांबतं, मग सोनं गहाण, मग सावकार, आणि बऱ्यापैकी चाललेलं घर दोन वर्षांत रेषेखाली जातं. त्याच काळात दुसऱ्या घरातलं पोरगं एमआयडीसीत लागतं आणि ते घर वर येतं. सर्व्हेत टक्का जागच्या जागी. पण वर येणाऱ्याला काम लागतं आणि खाली जाणाऱ्याला जनावराचा विमा, दवाखान्याचा खर्च आणि वेळेत भरपाई लागते, दोघांना एकच योजना देऊन कशी चालेल?